फुरान्सुचा उजवा पंख

तोक्योतल्या निशी-कसाई भागात आपल्या लोकांचा गणपती बसतो, तिथे नवी बिऱ्हाडं एकमेकांना भेटतात तेव्हा बायकांना पहिला प्रश्न असतो, “मिस्टर कुठल्या कंपनीत?” मग एखादी धीट मुलगी विचारते, “आणि काकू, तुम्ही?” मी म्हणायचे, “मी विमानं करते.” समोरचे डोळे मोठे व्हायचे. मग मी वीतभर अंतर दाखवून सांगायचे, “एवढी. प्लॅस्टिकची.” डोळे परत होते तेवढे. “अय्या, म्हणजे खेळणी?”

सुरुवातीला मी समजावून सांगायचे. पुढे पुढे मोदक संपायच्या आत ताट गाठणं जास्त महत्त्वाचं वाटू लागलं. आता निवृत्त होऊन पुण्याला परतले आहे, संपादकांनी पानं मोकळी सोडली आहेत, तर एकदाचं सांगून टाकते.

मी मूळची टूलरूममधली. भोसरीत बादल्या, मिक्सरची झाकणं, स्कूटरचे दिवे यांच्या साच्यांची डिझाइनं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या हातात व्हर्नियर दिसत असूनही “मॅडम, अकाउंट्स वरच्या मजल्यावर” असं सांगणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले. पुढे नवऱ्याची बँकेने तोक्योला बदली केली आणि मी डिपेंडंट व्हिसावर त्याच्या मागोमाग गेले. त्या व्हिसावर आठवड्याचे ठरावीक तासच काम करता येतं. तिथे त्याला अरुबाइतो म्हणतात, म्हणजे आपलं पार्ट-टाइम. शेजारणींनी इंडियन दुकानातलं काम सुचवलं. मी मात्र सायकल घेऊन आमच्या एदोगावा वॉर्डातल्या गल्ल्या पालथ्या घालत होते. एके दिवशी एका अर्ध्या उघड्या शटरमागून कूलंटचा वास आला. लोखंड कापताना मशीनवर जे पांढरं पाणी सोडतात त्याचा हा वास, ज्याने मशीनशॉपमध्ये दिवस काढलेत त्यालाच तो गोड लागतो. मी सायकल स्टँडला लावली आणि आत शिरले.

आत कुरिहारा-सान होते. सत्तरीकडे झुकलेले, डोक्यावर टोपी, कानावर पेन्सिल. हे वर्कशॉप त्यांचं, ते प्लॅस्टिकच्या मॉडेल-किटचे साचे करायचे आणि थोडी किट स्वतःच्या नावानेही काढायचे. माझं जपानी तेव्हा ‘नमस्कार’ आणि ‘किती झाले’ एवढंच. त्यांनी काही न बोलता साच्याचा एक अर्धा भाग माझ्यासमोर ठेवला. मी त्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि जिथे कड झिजली होती तिथे थांबले. त्यांनी मला चहा दिला. ती माझी मुलाखत.

साचा म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला सोपं आहे. मोदकाचा साचा बघा. दोन भाग, मिटायचे, भरायचं, उघडायचं. आमचंही तसंच, फक्त उकडीच्या जागी वितळलेलं प्लॅस्टिक, आणि ते दाबाने आत जातं. मोदकाला चीर पडली तर तूप घालून झाकता येते, आमच्याकडे ती सोय नाही. साच्याच्या भिंतीला किंचित उतार ठेवावा लागतो, नाहीतर पार्ट आतच अडकून बसतो. प्लॅस्टिक थंड होताना आक्रसतं, म्हणून साचा त्या हिशोबाने मोठा करायचा. शिवाय पार्ट बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल डाग दर्शनी बाजूला येता कामा नयेत. बादलीत या सगळ्याकडे कुणी बघत नाही. बारा-पंधरा इंची बादलीवर मी जेवढं खपले असेन त्याहून जास्त मी बोटभर प्रोपेलरवर खपले आहे.

कारण ही किट विकत घेणारी माणसं. लहान मुलं नव्हेत हो, चांगले टक्कल पडलेले बाप्ये. भिंग लावून रिव्हेट मोजणारे. एका गृहस्थांनी आमच्याकडून नुसती वैमानिकांची डोकी मागवली होती. मी धास्तावले. कुरिहारा-सान म्हणाले, “ते चेहरे चांगले रंगवतात, शरीर त्यांना कंटाळवाणं वाटतं.”

डोकी मागवली, कारण तशी पद्धतच आहे तिथे. किटमधला एखादा पार्ट मोडला, हरवला, कार्पेटने गिळला, तर खोक्यातलं कार्ड भरून पाठवायचं आणि कंपनीने तेवढाच पार्ट टपालाने द्यायचा. ‘हरवला तर नवीन घ्या’ हे आपलं उत्तर तिथे कुणी देत नाही. किट जुनं असो, बंद पडलेलं असो, कुरिहारा-सान शेल्फं उपसून तो पार्ट शोधायचेच. त्यांच्या या हट्टाचं मला फार कौतुक वाटायचं आणि शेल्फं परत लावताना तितकाच राग यायचा.

त्यांचं सगळ्यात लाडकं किट म्हणजे फुरान्सु. जपानीत फ्रान्सला तसंच म्हणतात. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत फ्रान्समध्ये जी प्रायोगिक लढाऊ विमानं झाली त्यातलं हे एक. एकच नग बनला. उडालं, चाचण्या झाल्या, वैमानिकांनी वाखाणलं आणि ऑर्डर मिळाली दुसऱ्याच विमानाला. ते कुठल्याही लढाईत गेलं नाही, कुठल्या संग्रहालयातही उरलं नाही. उरले ते थोडे फोटो आणि काही आराखडे. पण काय देखणं विमान होतं! खाली बसवलेले निमुळते पंख, उघडी कॉकपिट, चाकांवर पायजम्यासारखी आवरणं आणि नाकापासून शेपटीपर्यंत कुठेही न तुटणारी एक रेघ. मला विमानांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चांगली रेघ कळते. असलं हरलेलं विमान कोण विकत घेणार, असं मी एकदा विचारलं. कुरिहारा-सान म्हणाले, “जिंकलेल्यांची किट सगळेच काढतात.” तरुणपणी त्यांनी या किटचे मूळ नमुने लाकडात कोरले होते आणि त्यावरून साचे कापले होते. तेव्हा कंप्युटर नव्हता, सगळं हाताने.

विकत घेणारे थोडे होते हे खरं. त्यातलेच एक सुगावारा-सेन्सेई. ईशान्य जपानातल्या मियागीच्या किनाऱ्यावरच्या एका गावात टेक्निकल हायस्कूलला शिकवून निवृत्त झालेले मास्तर. आमच्या प्रत्येक किटवर त्यांचं तक्रारीचं कार्ड यायचं. चाक जाड आहे, शेपटीचा कोन चुकला आहे, खुर्चीचा पट्टा त्या वर्षी तसा नव्हता. कुरिहारा-सान कार्ड वाचून गुरगुरायचे, “मास्तरला दुसरं काम नाही,” आणि मग गुपचूप मापं घ्यायचे. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. वर्षानुवर्षं नुसती भांडणं, तीही टपालाने.

मग मार्चमधली ती दुपार आली. मी वर्कशॉपमध्येच होते. जमीन थांबेचना. साचे साखळ्यांनी बांधलेले होते, तरी वरच्या फळीवरून दोन घसरले. कुरिहारा-सानांनी मला ओढून दाराबाहेर काढलं. आम्ही रस्त्याच्या मधोमध, हातात हात धरून उभे होतो. ते गृहस्थ एरवी पुढ्यात कप ठेवतानाही बोटाला बोट लागू न देणारे. संध्याकाळी टीव्हीवर त्सुनामीखाली गेलेला मियागीचा किनारा दिसला आणि ते टीव्हीसमोर उभेच राहिले.

त्यानंतर पोस्टमनची सायकल वाजली की कुरिहारा-सान हातातलं काम टाकून दारापर्यंत जायचे. कशासाठी ते मला माहीत होतं, मी विचारलं नाही. उन्हाळा गेला, वर्ष पालटलं, सेन्सेईंचं कार्ड आलं नाही.

आलं ते त्यांच्या बायकोचं. किटचं नाव, पार्ट : उजवा पंख, खाली अक्षर अगदी नेटकं. तक्रार काहीच नव्हती. कुरिहारा-सानांनी ते वाचलं आणि लगेच फोन लावला, स्पीकरवर, मलाही ऐकू यावं म्हणून. सेन्सेई जिवंत होते. घर लाटेत गेलं होतं, मॉडेलांनी भरलेली खोली गेली होती. सापडलेल्या वस्तू स्वयंसेवक धुऊन मांडून ठेवायचे, त्यात ओकुसानला, म्हणजे सेन्सेईंच्या पत्नीला, अर्धवट जोडलेलं फुरान्सु मिळालं. धड होतं, डावा पंख होता, उजवा नव्हता. आता दोघं सरकारी तात्पुरत्या घरात राहत होती.

“त्यांनी मागितलेला नाही,” ओकुसान म्हणाली. “ते काहीच मागत नाहीत. त्यांचे किती विद्यार्थी गेले... जेवतात, झोपतात, भिंतीकडे बघत बसतात. बोलत नाहीत. ते विमान मी टेबलावर ठेवलंय. त्याच्याकडे मात्र बघतात. पूर्ण झालं तर कदाचित हात लावतील, असं मला वाटतं.”

कुरिहारा-सान म्हणाले, “पाठवतो.” फोन ठेवल्यावर मी त्यांच्याकडे बघतच राहिले. भूकंपात पडलेल्या दोन साच्यांपैकी एक फुरान्सुच्या उजव्या पंखाचा होता. दुसऱ्या साच्याचा कोपरा त्यात बरोबर घुसला होता, पंखाच्या मुळापासून अर्ध्यापर्यंत पोलाद चेचलं होतं. शिल्लक पार्ट एकही नव्हता. शहाण्या माणसाने हात जोडून माफी मागितली असती. पण पार्ट मागितला की द्यायचा, हा त्यांचा नेम, आणि मागणारी व्यक्ती ही.

चेचलेला भाग कापून तिथे नवा तुकडा बसवायचा, त्याला आम्ही इन्सर्ट म्हणतो, असं ठरलं. काम माझं, कारण कुरिहारा-सान त्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाणार होते. आता कुठलाही साचेवाला अशा वेळी जे करेल तेच मी केलं. डाव्या पंखाचा साचा धड होता. तो स्कॅन केला, कंप्युटरवर आरशात धरल्यासारखा उलटा केला. झाला उजवा. विमान, गाडी, माणसाचा बूट, आम्ही सगळं अर्धंच काढतो आणि उलटवतो. उलटवलेला पंख उरलेल्या टोकाशी जुळवताना केसभर फरक दिसला. मी मनात म्हटलं, जुनं हाताचं काम, चालायचंच. आणि तो फरक मी छान घासून गुळगुळीत केला. इन्सर्ट कापला, ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर रेघा उमटवल्या, दगडाने पॉलिश केलं, निळा रंग लावून दोन्ही भाग मिटवून बघितले, सगळीकडे सारखा डाग आला, म्हणजे जुळणी पक्की. पार्ट निघाला तो असा, की मी तो घरी नेऊन नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, “छान आहे, पण हे काय आहे?” मी पंख कापसात गुंडाळला आणि मियागीला पाठवून दिला.

चार-पाच दिवसांनी फोन वाजला. कुरिहारा-सान डोळ्याला पट्टी लावून घरी होते, मीच उचलला आणि नाव सांगितलं, पेंडसे. माझं जपानी तोवर वर्कशॉपपुरतं तयार झालं होतं. पलीकडे ओकुसान होती, आणि ती इतक्या हलक्या आवाजात बोलत होती की मला आधी वाटलं, काहीतरी वाईट घडलंय.

“पंख मिळाला. फार आभार. पण ते म्हणतात...” तिने आवाज आणखी खाली आणला. “ते म्हणतात, चुकलाय.”

मला पहिल्यांदा राग आला. तो राग शुद्ध टूलरूमचा होता. निळ्या रंगात सगळीकडे सारखा डाग आला होता माझा! तेवढ्यात फोन कुणीतरी घेतला आणि एक घोगरा, न वापरलेला आवाज म्हणाला, “पेंडसे-सान का? हा डाव्या पंखाचा आरसा आहे. या विमानाचे पंख सारखे नाहीत. इंजिन एका बाजूला फिरतं तेव्हा विमान दुसरीकडे कलतं. ते कलू नये म्हणून डाव्या पंखाची पुढची कड मुद्दाम उचलली आहे. थोडा पीळ. उजव्याला तो नाही. तुम्ही दोघांनाही दिलात. असं विमान उडताक्षणी आडवं होईल.” आणि फोन ठेवला.

मी डाव्या साच्याकडे गेले, मापं घेतली. मास्तर बरोबर होते. ज्या फरकाला मी हाताचं काम समजून घासून टाकलं होतं, तो कुरिहारा-सानांनी जाणूनबुजून कोरला होता. त्या फ्रेंच कारागिरांनी विमानाला दिलेली युक्ती त्यांनी वीतभर मॉडेलात उतरवली होती, आणि एका तिसऱ्याच माणसाने ती नुसत्या नजरेने ओळखली होती. मला त्या तिघांचाही हेवा वाटला, हे सरळच सांगते.

पट्टी निघाल्यावर कुरिहारा-सान आले. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. “बोलले?” एवढंच विचारलं. “स्वतः?”

दुसरा इन्सर्ट करायला घेतला. त्याच आठवड्यात ओकुसानचा परत फोन आला, या वेळी बहुतेक घराबाहेरून, कारण वाऱ्याचा आवाज येत होता.

“पेंडसे-सान, त्या दिवशीपासून ते उठलेत. शाळेच्या लायब्ररीत जाऊन आले. कागदावर पंख काढतात, मला समजावतात. मला काही कळत नाही, मी हो हो म्हणते. कृपा करून एक विनंती ऐकाल? पुढच्या पार्टमध्येही थोडी चूक राहू द्याल का?”

विचारून सांगते म्हणत मी फोन ठेवला. कुरिहारा-सानांना सांगितलं तेव्हा ते टोपी हातात फिरवत बसले. मी म्हटलं, “एखादी रिव्हेटची ओळ सरकवू का? कुणाचं काय बिघडतंय?”

“मास्तरला मुद्दाम केलेली चूक लगेच कळेल,” ते म्हणाले. “मग त्यांना वाटेल, यांनी माझी कीव केली. पुन्हा आपल्याशी बोलणार नाहीत. तुम्ही तुमचं नेहमीचं काम करा.”

ते काम मी केलं तसं दुसरं कुठलंच केलं नाही. कुरिहारा-सान नव्या डोळ्यांनी बघायला बसले. उजव्या पंखाला पीळ नाही, टोकाशी जुळणी अचूक, कड वस्तऱ्यासारखी. पोस्टात टाकताना एखाद्या मुलीची पाठवणी करावी तसं मला झालं. पार्ट निर्दोष होता आणि नेमकं तेच मला खात होतं. आता त्यांच्याकडे बोलायला काय उरलं? पंख चिकटवतील, विमान फळीवर ठेवतील आणि पुन्हा भिंतीकडे वळतील.

फोन आला नाही, कार्डही आलं नाही. ओकुसानला फोन करावा असं मला रोज वाटायचं, कुरिहारा-सान मान हलवायचे. मी घरी चिडचिड करत होते, आमटीत मीठ दोनदा पडत होतं. कामातल्या चुकीने माणसाची झोप जाते हे मी आयुष्यभर पाहिलं होतं, बिनचूक कामाने जाते हे तेव्हाच पाहिलं.

आणि मग एका सकाळी फोन. कुरिहारा-सानांनी उचलला. मी मशीन बंद केलं. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, मी फक्त कुरिहारा-सानांचा चेहरा बघत होते. आधी ते नुसते “हो, हो” करत होते. मग एकदम ताठ बसले.

“काय? डावा?” ते म्हणाले. “डावा पंख मी स्वतः कोरलाय!”

पुन्हा ऐकून घेतलं. कान लाल झाले होते.

“मग या की इकडे. इथे, माझ्या टेबलावर दाखवा मला!”

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. उजवा पंख उत्तम आहे, बसवला, असं सेन्सेई म्हणाले होते. पण तो बरोबर बसल्यामुळे आता डावा किती चुकलाय ते दिसतं. पीळ जास्त झालाय, खऱ्या विमानात इतका असूच शकत नाही. इतकी वर्षं हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याची सेन्सेईंना लाज वाटत होती.

पुढच्या महिन्यात दोघं नवरा-बायको आली, लांबच्या गाडीने. सेन्सेई उंच, वाळलेले, कोट अंगावर लोंबत असलेला. हातात खोकं होतं, त्यात फुरान्सु. पन्नास वर्षांची ओळख असल्यासारखे दोघा म्हाताऱ्यांनी वाकून नमस्कार केले आणि दुसऱ्या मिनिटाला डोकी काचेच्या टेबलावर. ओकुसानला मी आतल्या खोलीत बसवलं, चहा केला, घरचा चिवडा काढला. मधलं दार सरकवायचं राहूनच गेलं.

“दिसावं म्हणून मी तो पीळ वाढवला,” कुरिहारा-सान म्हणत होते. “एवढ्याशा मॉडेलात खरा दिला तर कुणाला कळणार?”

“ज्यांनी विमान केलं त्यांनी तो कुणाला दिसावा म्हणून केला नव्हता. सरळ उडावं म्हणून केला होता.”

“तुम्ही पोलादात कापून दाखवा मग!”

“तुम्ही आधी मोजायला शिका!”

आवाज चढत गेले. त्या वर्कशॉपमध्ये चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता, जपानात तो कुठेच फारसा ऐकू येत नाही. टेबलावर हात आपटल्याचा आवाज आला. मी घाबरून उठू लागले. ओकुसानने माझं मनगट धरलं.

“बसा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. “हे असेच बोलायचे. वर्गात. घरी. सगळीकडे.”

बाहेर सेन्सेई म्हणाले, “नाही, नाही, नाही, पुन्हा मोजा!”

ओकुसानने चिवड्याची वाटी जवळ ओढली, त्यातला एक शेंगदाणा निवडून तोंडात टाकला आणि म्हणाली, “भांडू द्या त्यांना. आमची गाडी संध्याकाळची आहे.”